वाळूजची नोकरी सोडून ओएलईडीच्या मागं जाऊ का?

प्रश्न: सर नमस्कार. मी गेवराईजवळच्या गावातली. एमएस्सी ऑर्गॅनिक झालंय, सध्या वाळूजला एका औषध कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात) आहे आणि आता सीएसआयआर नेट परीक्षेत जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) पण निघालं. मोबाईलच्या ओएलईडी स्क्रीनमधे वीज दिल्यावर उजेड देणारी जी ऑर्गॅनिक (कार्बनी) मटेरियल्स असतात त्यावर काम करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात चालू पगार सोडून परत पाच वर्षं शिकायला कशाला, मैत्रिणी म्हणतात पीएचडी केली की प्राध्यापकीच करावी लागते आणि जागा तर निघतच नाहीत. तुम्ही विद्यापीठ आणि कंपनी दोन्हीकडं काम केलंय, खरं काय ते सांगा.

उत्तर: ताई, आधी जेआरएफचं मनापासून अभिनंदन. आणि सरळ सांगतो, जा.

पीएचडी म्हणजे प्राध्यापकीच हे या विषयात तर अजिबात खरं नाही. 1977 मधे शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीन देऊन प्लास्टिकमधून वीज नेऊन दाखवली, 2000 चं नोबेल त्यावरच मिळालं, ते काम विद्यापीठातलं. पण 1987 मधे पातळ थरांचा, कमी व्होल्टेजवर चालणारा ओएलईडी केला तो चिंग टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी, आणि ते दोघं कोडॅकमधे म्हणजे फोटोफिल्मच्या कंपनीत नोकरीला होते. 1990 मधे केंब्रिज विद्यापीठात पॉलिमरचा एलईडी झाला आणि दोन वर्षांत तिथूनच कंपनी निघाली. या विषयात माणसं इकडून तिकडं जातच असतात.

आणि गंमत बघा, टँग यांच्या त्या डिव्हाइसमधे हिरवा उजेड देणारं मटेरियल कुठलं, तर अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्झिन नावाचा ऑर्गॅनिक रेणू यांचा कॉम्प्लेक्स (दोन्ही जोडून झालेलं संयुग)! ग्रॅव्हिमेट्रीच्या (वजनावरून प्रमाण काढायच्या) प्रॅक्टिकलला ऑक्झिन टाकून अ‍ॅल्युमिनियमचा पिवळा साका पाडतात ना, तोच. आपल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमधे होणारी गोष्ट आहे ही, म्हणून बीड-परभणीच्या पोरापोरींनी हा विषय आपल्यासाठी नाही असं समजू नये असं मला फार वाटतं.

आता काम कसं असतं ते. विद्यापीठात तुम्ही नवीन रेणू बनवणार, बहुतेक वेळा सुझुकी कपलिंग (पॅलेडियम वापरून दोन रेणू जोडायची प्रक्रिया), मग कॉलममधून माल शुद्ध करायचा, टीएलसी म्हणजे शुद्धता बघायची छोटी पट्टी यूव्ही दिव्याखाली धरली की ठिपका असा निळा चमकतो की जेवायचं भान राहत नाही. मग सॉल्व्हंट उडवून पावडर करता आणि चमक गायब, कारण घन अवस्थेत रेणू एकमेकांना चिकटून बसतात आणि घेतलेली ऊर्जा उजेड न देताच उष्णतेत जाते. मग रेणूला आडवेतिडवे गट लावायचे म्हणजे ते एकमेकांवर सपाट बसणार नाहीत. हे असं का होतं याच्या मागं महिनोन्महिने लागायची मोकळीक विद्यापीठातच मिळते, कंपनीत एवढा वेळ कोणी देत नाही.

कंपनीत गेलं की प्रश्न बदलतो. चमकतो हे ठीक आहे, पण दहाव्या बॅचला तसाच चमकेल का आणि हजारो तास टिकेल का? डिव्हाइसमधले सगळे ऑर्गॅनिक थर मिळून जाडी साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटर, त्यात कपलिंगमधलं पॅलेडियम किंवा हॅलोजन नुसतं नावाला जरी राहिलं तरी आयुष्य घसरतं. म्हणून कॉलमनंतर व्हॅक्यूममधे सब्लिमेशन करतात, लांब काचेची नळी, एका टोकाला गरम आणि पुढं पुढं थंड, माल वाफ होऊन मधल्या पट्ट्यात स्फटिक धरतो, हलकी घाण पुढं निघून जाते, जड घाण मागं माल ठेवलेल्या भांड्यातच राहते. निळ्या रंगाचं आयुष्य ही तर या धंद्याची आजही डोकेदुखी आहे.

म्हणून तुमचं क्यूसीचं काम वाया गेलं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लहानशी इम्प्युरिटी पकडायची आणि तिचा पिच्छा पुरवायचा ही सवय पुष्कळ पीएचडीवाल्यांना कंपनीत गेल्यावर लावून घ्यावी लागते, तुम्हाला ती आधीच आहे.

पगाराचं घरच्यांना आकड्यात सांगा. 2023 पासून जेआरएफ पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर एसआरएफ (वरच्या टप्प्याची फेलोशिप) झाल्यावर 42,000, हॉस्टेल मिळालं नाही तर घरभाडं वेगळं.

गाईड बघताना नाव नंतर बघा, तिथं सिंथेसिस आणि डिव्हाइस दोन्ही होतं का ते आधी बघा, नाहीतर पाच वर्षं नुसते रेणू बनवून बाटल्यांत भराल. पुण्याची एनसीएल, तिरुवनंतपुरमची एनआयआयएसटी, बंगळुरूची जेएनसीएएसआर या संशोधन संस्थांमधले ग्रुप बघा, आणि ग्रुपमधून बाहेर पडलेली पोरं आज कुठं आहेत हे तिथल्या सीनियर्सना फोन करून विचारा, गाईडला नाही. एक मात्र स्पष्ट सांगतो, आपल्याकडं ओएलईडी मटेरियलच्या नोकऱ्या थोड्या आहेत, मर्क, इडेमित्सू, युनिव्हर्सल डिस्प्ले असल्या मोठ्या कंपन्यांचं मूळ काम जर्मनी, जपान, अमेरिकेत, त्यामुळं बाहेर जायची तयारी ठेवा, नाहीतर तीच विद्या रंग, कोटिंग, अ‍ॅडहेसिव्ह, पॉलिमर इकडं पण चालते.

राजीनामा मात्र अ‍ॅडमिशनचं पत्र हातात आल्यावरच द्या, आणि नोटीस पिरियड किती आहे ते आत्ताच अपॉइंटमेंट लेटरमधे बघून ठेवा.