डोंगराळ, दुर्गम भागाची अर्थव्यवस्था कशी सुधारता येईल? रस्ते आणि पर्यटन एवढे पुरेसे आहे का?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. पुरेसे नाही. ही दोन नावे कोणी एका दमात घेतली की मला गप्प बसवत नाही, कारण याच विषयावर माझा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा गेली पंचवीसहून अधिक वर्षे वाद चालू आहे. दादांची सारी हयात रस्त्यांच्या बांधकामात गेली आणि मी बँकेतून निवृत्त झालो. दोघेही सोलापूरचे, म्हणजे सपाट मुलखातले. मात्र नोकरीच्या निमित्ताने 1996 च्या जूनपासून तीन वर्षे मी सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातील धडगाव या गावी काढली. गेलो तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या शाखेचे शिक्के बदलले. डोंगरातील पैसा कसा येतो आणि कोठे जातो, हे मला तेथे कळले. पुढे जे लिहितो आहे ते त्या तीन वर्षांच्या बळावर.

तेथील वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल समाजाची. डोंगरउतारावर ज्वारी, मका, वरई यांची कोरडवाहू शेती होते. दिवाळीनंतर निम्म्याहून अधिक घरांना कुलपे लागत आणि माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत जात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, त्याच्या ओढीने ती परत येत. त्यानंतर बांधावरच्या आणि उतारावरच्या गावठी आंब्यांना कैऱ्या धरू लागत आणि आमचुराचा हंगाम सुरू होई. आम्हा सोलापूरकरांच्या आमटीत चिंच पडते, त्यामुळे आमचूर म्हणजे काय हेच मला तेथे जाईपर्यंत नीट ठाऊक नव्हते. कैरी सोलायची, तिच्या फोडी करायच्या आणि त्या खडकावर किंवा सारवलेल्या अंगणात उन्हात वाळवायच्या. लोखंडी सुरीने चिरलेली फोड लवकर काळी पडते, ढगाळ हवेत वाळलेली काळपट होते आणि वळवाचा एक शिडकावा झाला तरी आठवड्याची मेहनत जाते. पांढऱ्या फोडींना चांगला भाव मिळतो, काळ्यांना त्याहून बराच कमी.

1997 च्या मे महिन्यातील एक आठवडी बाजार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एक पावरा बाई आणि तिचा भाऊ पहाटे निघून, चार तास डोंगर उतरून, दोन गोणी आमचूर घेऊन आले होते. एका गोणीत काळपट माल होता. दुसऱ्या गोणीत मात्र तिने पांढऱ्या फोडी निवडून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून वेगळ्या आणल्या होत्या. व्यापाऱ्याने फडके सोडले, एक फोड उचलून मोडून पाहिली आणि ती ओली असल्याचे सांगितले. वाळलेली फोड कट्‌कन मोडते, ओली वाकते, एवढे तोपर्यंत मलाही कळू लागले होते. ती फोड मोडली होती, आवाज मी ऐकला होता. तरीही त्याने दोन्ही गोण्या एकाच ताडपत्रीवर ओतल्या, पायाने ढीग एकत्र केला, काळ्या मालाचा भाव लावला, ओलाव्यापोटी घट धरली आणि बारदानाचे वजन वजा केले. ती बाई एक शब्दही बोलली नाही. तिने महिनाभर एकेक फोड निवडून केलेली प्रतवारी एका पायाने मोडली गेली आणि तिला बोलण्याची सोय नव्हती.

ती का नव्हती, हे व्यापाऱ्याची वही पाहिल्यावर समजले. आषाढ-श्रावणात डोंगरातील घरांमधली ज्वारी आणि मका संपतो आणि नवे पीक यायला अवकाश असतो. त्या दोन महिन्यांत व्यापारी धान्य, मीठ, तेल उधारीवर देतो आणि त्या बदल्यात पुढच्या उन्हाळ्यातील आमचूर आपल्याच काट्यावर येईल असे ठरवून घेतो. कैरी झाडाला लागण्याच्या आठ-नऊ महिने आधीच ती विकली गेलेली असते. ज्याला धान्य पुरत नाही तो मुकादमाकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतरच्या ऊसतोडीला बांधला जातो. म्हणजे घरातील बाईचे उन्हाळ्यातील श्रम एका वहीत आणि दोघांचे हिवाळ्यातील श्रम दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या उघडतात त्या श्रावणात. माझे ठाम मत असे आहे की डोंगरातील कुटुंबाला श्रावणात उचल जो देतो, त्याच्या हातात त्या डोंगराची अर्थव्यवस्था असते. बाकी सर्व गोष्टी त्यानंतरच्या.

मी बँकेचा माणूस असल्याने मला उपाय सरळ दिसला. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. शेतकरी आपला माल बाजार समितीच्या गोदामात ठेवतो, बऱ्याच धान्यांवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम उचलतो आणि भाव चढल्यावर माल विकून कर्ज फेडतो. तसेच काहीतरी आमचुरासाठी करावे असा सविस्तर प्रस्ताव मी वरिष्ठांना पाठवला. बावीस बायकांचा गट, एक कोरडी खोली, एक प्रमाणित काटा आणि गोणीमागे ठरावीक उचल, एवढीच मागणी होती. आमचूर तारणयोग्य मालाच्या यादीत नाही, तालुक्यात मान्यताप्राप्त गोदाम नाही आणि कर्जदारांपाशी मालकीची कागदपत्रे नाहीत, या तीन कारणांनी तो परत आला. तीनही कारणे खरी होती. त्यांतील एकही कारण दूर करण्याची जबाबदारी मात्र कोणाला आपली वाटली नाही.

तेव्हा मी करू नये ते केले. माझ्या बचतीतील बारा हजार रुपये काढून त्या गटाला उचल म्हणून दिले आणि 1998 च्या उन्हाळ्यात एकोणीस गोण्या एका भाड्याच्या खोलीत ठेवल्या, पांढऱ्या वेगळ्या आणि काळ्या वेगळ्या. जुलैत छप्पर गळले आणि चार गोण्यांना बुरशी लागली. माल जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवायचा, भिंतीपासून हातभर दूर ठेवायचा, हे गोदामाचे साधे नियम ठाऊक असूनही मी अमलात आणले नव्हते; ती चूक माझी होती. उरलेल्या पंधरा गोण्या गणपतीनंतर नंदुरबारला नेल्या, तेथे प्रतवारीनुसार भाव मिळाला आणि मे महिन्यात धडगावात मिळाला असता त्याच्या जवळजवळ दीडपट रक्कम हाती आली. चार गोण्यांचे नुकसान सोसूनही गट फायद्यात राहिला आणि माझे बारा हजार परत आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या श्रावणात त्यांच्यापैकी काही घरांनी वहीवर धान्य घेतले नाही. त्यानंतर, कर्मचाऱ्याने खातेदारांशी खासगी देवघेव केली म्हणून माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला आणि पुढल्याच वर्षी माझी बदली झाली. नियमाने ते बरोबर होते, हे मी आजही मान्य करतो.

जखम राहिली ती वेगळ्या कारणाने. दोन बदल्यांनंतर, 2006 मध्ये, त्याच बँकेच्या पंढरपूर शाखेत मी रुजू झालो. पंढरपूर तालुक्यात, विशेषतः कासेगावच्या बाजूला, द्राक्षापासून बेदाणा होतो. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा निघतो. द्राक्षे द्रावणात बुडवतात, शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळवतात, रंग आणि आकार पाहून निवडतात, पेट्या शीतगृहात ठेवतात आणि भावाची वाट पाहतात. शीतगृहाच्या पावतीवर कर्ज मिळते. अशा पावत्यांवर मी स्वतः कितीतरी कर्जे मंजूर केली. बेदाणा हे वाळवलेले फळ आणि आमचूर हेही वाळवलेले फळ. एकाला पिवळा-हिरवा रंग टिकवायचा असतो, दुसऱ्याला पांढरा, आणि दोन्हींना पावसाची भीती सारखीच. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यापाशी शेड, शीतगृह, पावती आणि पावती मानणारी बँक होती. सातपुड्यातील बाईपाशी खडक आणि वही होती. दोघांच्या कष्टांत मला फरक दिसला नाही.

दादांचे म्हणणे पहिल्यापासून असे की तेथे रस्ता नव्हता, म्हणून हे घडले. रस्ता झाला की व्यापारी वाढतात, चढाओढ होते आणि भाव सुधारतो. पुस्तकात ते बरोबर असेल. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली, त्यात डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी 500 ऐवजी 250 लोकसंख्येची अट ठेवली गेली आणि सातपुड्यातही डांबर पोहोचू लागले. 2014 च्या दिवाळीनंतर मी दादांना आग्रहाने धडगावला घेऊन गेलो. ज्या पाड्यावर मी पूर्वी पायी जात असे, तेथपर्यंत गाडी गेली. त्या नव्या रस्त्यावर समोरून मुकादमाचे दोन ट्रक आले. त्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्या, तान्ही मुले आणि कोयत्यांची माणसे होती. पूर्वी माणसे डोंगर उतरून ट्रक गाठत. आता ट्रक दारात येत होता. आमचूर घ्यायला येणारी जीपही त्याच व्यापाऱ्याची होती, कारण उधारीची वही त्याच्याचकडे होती, आणि वहीत नाव असलेले घर दुसऱ्या व्यापाऱ्याला माल देऊ शकत नाही. जेथे माल आधीच बांधलेला असतो तेथे रस्त्याने चढाओढ येत नाही, एवढेच मला दादांना दाखवायचे होते.

पर्यटनाबद्दल थोडक्यात लिहितो. तोरणमाळ याच तालुक्यात आहे, यशवंत तलाव सुंदर आहे आणि सातपुड्यातील थंडी अनुभवण्याजोगी आहे. तरी पर्यटनातून डोंगरातील माणसाच्या वाट्याला बहुधा चहाची टपरी आणि झाडलोटीची नोकरी येते. महाबळेश्वरचे उदाहरण दिले जाते, परंतु तेथील शेतकऱ्याला खरा आधार मिळाला तो स्ट्रॉबेरीचा, तिच्या प्रक्रियेचा आणि पुण्या-मुंबईच्या जवळिकीचा. त्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सातपुड्याला पुणे जवळ नाही. म्हणून तेथून खाली उतरणारा माल वजनाला हलका, टिकाऊ आणि किमतीला जड असला पाहिजे. आमचूर, चारोळी, मोहाची फुले, मध आणि वरई हे सर्व त्या मोजमापात बसते, आणि त्यांचे वाळवणे, निवडणे, वजन करणे डोंगरावरच झाले पाहिजे. प्रतवारी ज्याच्या अंगणात होते, भावातील फरक त्याच्या घरात राहतो.

यासाठी कायद्याची बाजूही भक्कम लागते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले, तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास 2011 उजाडले. हक्क मिळाला आणि परवाना दुसऱ्याच्या टेबलावर राहिला तर माल हलत नाही. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने आधी जंगल राखले आणि मग त्यावर उपजीविका उभी केली. त्या कामाबद्दल चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. गौण वनउपजासाठी केंद्राची किमान आधारभूत किमतीची योजना 2013-14 पासून आहे, ती चांगलीच आहे. परंतु श्रावणात वहीवर गेलेल्या मालाला आधारभूत किमतीचा उपयोग होत नाही.

आता काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. मी तेथे तीनच वर्षे होतो, बाहेरचा होतो आणि पावरी भाषा मला कामापुरतीच येत असे. माझा प्रयोग एका हंगामाचा आणि एकोणीस गोण्यांचा होता. त्यावरून सर्व डोंगरांसाठी नियम काढता येणार नाही. आंब्याला एक आड एक वर्ष मोहोर कमी येतो, त्या वर्षी गटाने काय करायचे याचे उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हते. व्यापाऱ्याबद्दल मी कठोर लिहिले आहे, तरी श्रावणात धान्य देणारा तेथे तोच एकटा होता आणि आम्ही देत नव्हतो, हेही तितकेच खरे आहे. आणि रस्त्याबाबत दादांचा एक मुद्दा मला मान्य करावाच लागतो. अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून चार माणसे डोंगर उतरताना मी पाहिली आहेत. त्या कारणासाठी रस्ता हवाच, आणि तो पहिल्या दिवशी हवा. माझा विरोध आहे तो रस्ता झाला म्हणजे अर्थव्यवस्था आपोआप सुधारते या समजुतीला.

प्रश्नकर्त्यांनी आपला भाग कोणता ते लिहिलेले नाही. तेथे कोणता माल निघतो, तो कोणत्या महिन्यात निघतो आणि पावसाळ्यात घरातील धान्य संपल्यावर लोक कोणाकडे जातात, या तीन गोष्टी त्यांनी कळवल्या तर गटाच्या तारण कर्जाचा अर्ज कसा लिहायचा, गोदामाची पावती कोणती चालते आणि बँक नाही म्हणेल तेव्हा लेखी कारण कसे मागायचे, हे मी सविस्तर सांगू शकेन. 2007 मध्ये गोदामांविषयीचा केंद्रीय कायदा झाल्यापासून नोंदणीकृत गोदामाच्या पावतीला कायद्याचे बळ मिळाले आहे, त्यामुळे 1997 मध्ये मला मिळालेल्या तीन कारणांपैकी गोदामाच्या कारणावर तरी आता मार्ग काढता येतो.