लघवीच्या नळीचं ऑपरेशन दोन टप्प्यांत का? एकदाच का होत नाही?

लहानपणी हायपोस्पेडियाससाठी (जन्मतः लघवीचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असणं) दोनदा ऑपरेशन होऊनही धार बारीकच राहिली आणि आता डॉक्टर दोन टप्पे सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझी गत अगदी हीच होती, दोन्ही टप्पे झालेत, म्हणून सांगतो.

आधीच्या ऑपरेशनांत जवळची चांगली कातडी वापरून झालेली असते, उरतो नुसता व्रण. म्हणून गालाच्या आतलं अस्तर घेतात. ते कायम ओलं असतं, त्यावर केस येत नाहीत. पण काढलेल्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, जिथे लावला तिथल्या रक्तावरच तो जगतो. व्रणाच्या जागी त्याची लगेच नळी वळली, तर आकसायची भीती फार. म्हणून पहिल्या टप्प्यात व्रण काढून तिथे गालाचा तुकडा सपाट पसरून शिवतात, वर घट्ट पट्टी बांधतात. साधारण सहा महिन्यांनी, तो मऊ झाला की त्याची नळी करतात. मधेच आकसला तर आणखी एक तुकडा लावावा लागतो. तेव्हा डॉक्टर थांबा म्हणाले, तर थांबाच.

नेटवर पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींच्या नावाची एका टप्प्याची पद्धत दिसेल. ती लांब स्ट्रिक्चरसाठी, म्हणजे नळी लांबवर अरुंद झाली असेल त्यासाठी आहे, आपल्यासारख्या व्रणाची गोष्ट वेगळी.

मधल्या काळात लघवीचं तोंड खालच्या बाजूला असतं. उभं राहून केली की धार फाकते, पँट भिजते. बसूनच करायची. ऑफिसात मी सरळ कमोडच्या संडासात जायचो, कुणी कधी काही विचारलं नाही. गालाचं दुखणं मला जास्त जाणवलं. सुरुवातीला गार दूध, पेज, ताक-भात; तिखटाचा घास लागला की डोळ्यांत पाणी. गुटखा, तंबाखू, मिश्री यातलं काही असेल तर आजच बंद करा. त्याने गालाचं अस्तर कडक झालं, तर लावायला चांगला तुकडा मिळणं अवघड होतं.

दुसऱ्या टप्प्यानंतर दोन-तीन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढायला घातलेली नळी. पुढे टाक्यांच्या रेषेतून थेंब झिरपताना दिसला, तर फिस्टुला, म्हणजे नव्या नळीतून कातडीपर्यंत पडलेलं बारीक छिद्र, असू शकतो. घाबरू नका, पण लगेच दाखवा. कधी तो आपोआप भरतो, नाही भरला तर काही महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने बंद करतात.

सर्जनना मात्र एक थेट विचारा: मोठ्या माणसांच्या फसलेल्या हायपोस्पेडियासच्या अशा केसेस तुम्ही वर्षाला किती करता? सगळेच युरोलॉजिस्ट हे काम नेहमी करत नाहीत.