जुन्या संगणकातला आधीचा मालक

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांकडून मी त्यांचा वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. त्यात विंडोज ११ आहे. त्यांनी पासवर्ड कागदावर लिहून दिला होता, त्यामुळे संगणक सुरू करायला अडचण आली नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मी खात्याचे नाव बदलले आणि माझे नाव घातले. परंतु सी ड्राइव्हमधला फोल्डर अजून त्यांच्याच नावाचा आहे, क्रोम उघडले की त्यांचा ई-मेल पत्ता दिसतो आणि वनड्राइव्हमध्ये त्यांच्या घरच्यांचे फोटो आहेत. हे सगळे एकेक करून पुसत बसण्याची माझी तयारी आहे. सुरुवात कोठून करू?

उत्तर : एकेक करून पुसण्याचा विचार कृपया सोडून द्या आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या लॅपटॉपचे वाय-फाय बंद ठेवा. वनड्राइव्हचा फोल्डर दिसायला साधा असला, तरी तो त्या गृहस्थांच्या इंटरनेटवरील साठ्याशी जोडलेला आहे. तुम्ही इथे फोटो पुसलेत, की थोड्याच वेळात ते त्यांच्या साठ्यातून आणि त्याच खात्याला जोडलेल्या त्यांच्या दुसऱ्या संगणकातूनही नाहीसे होतील. वैयक्तिक खात्यात पुसलेल्या फाइली वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये साधारणपणे ३० दिवस राहतात हे खरे. पण फोटो गेले आहेत हे त्यांच्या तेवढ्या मुदतीत लक्षात येईलच असे नाही. क्रोमचेही तसेच आहे. त्यांच्या खात्याचे सिंक, म्हणजे सर्व उपकरणांवरची माहिती आपोआप सारखी ठेवण्याची सोय, चालू असताना तुम्ही बुकमार्क किंवा साठवलेले पासवर्ड पुसलेत, तर ते त्यांच्या फोनमधल्या क्रोममधूनही जातात. तुमचा हेतू स्वच्छ आहे, परंतु या मार्गाने नुकसान दुसऱ्याचे होईल.

शिवाय एकेक खूण पुसून संगणक पूर्णपणे तुमचा होतही नाही. खात्याचे नाव बदलले की फक्त पडद्यावर दिसणारे नाव बदलते. ‘यूजर्स’मधला फोल्डर खाते पहिल्यांदा तयार झाले त्या वेळच्या नावाने बनलेला असतो आणि पुढे नाव कितीही वेळा बदलले तरी तो तसाच राहतो. त्याचे नाव हाताने बदलायचे, तर रजिस्ट्रीमधल्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातल्या, नोंदीही बदलाव्या लागतात आणि त्यात एखादी चूक झाली तर संगणकात प्रवेश करणेच अवघड होऊन बसते. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा आणि येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे टाइप करून एंटर दाबा. जी छोटी खिडकी उघडेल, तिच्या तळाशी हे विंडोज कोणाच्या नावाने वापरायला दिले आहे ते लिहिलेले असते, आणि तिथे बहुधा त्या गृहस्थांचे नाव किंवा त्यांचा ई-मेल पत्ता दिसेल. ही नोंद खात्यापासून वेगळी ठेवलेली असते, म्हणून खाते काढून टाकले तरी ती जात नाही. वाय-फायचे जुने पासवर्ड, त्यांच्या नावाने चालू केलेले ऑफिस, डी ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइली यांचेही असेच आहे.

म्हणून मार्ग एकच, तो म्हणजे संपूर्ण संगणक पुसून विंडोज नव्याने बसवणे, म्हणजेच रिसेट करणे. परंतु त्याआधी त्या गृहस्थांना एक फोन करा. या फोनला मी रिसेटइतकेच महत्त्व देतो, कारण काही गोष्टी फक्त तेच करू शकतात. पहिली गोष्ट फोटोंची. फोटो वनड्राइव्हच्या साठ्यात सुरक्षित आहेत का आणि संगणकावर त्यांना हवे असलेले दुसरे काही राहिले आहे का, हे त्यांनाच विचारा. हवे असेल तर त्यांच्यासमोर पेन ड्राइव्हवर काढून द्या. तोपर्यंत फाइली उघडून पाहू नका. दुसरी गोष्ट त्या कागदावरच्या पासवर्डची. तो मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड असेल, तर त्याने केवळ लॅपटॉप नव्हे, त्यांची त्या खात्यावरची मेल आणि फोटोंचा साठाही उघडतो. तो त्यांनी आजच बदलायला हवा. तिसरी गोष्ट रिकव्हरी कीची. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि तिची ४८ अंकी की मालकाच्या खात्यात साठवलेली असते. रिसेट करताना ती मागितली जाऊ शकते, म्हणून आधीच विचारून ठेवा. शेवटी, त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर उपकरणांची यादी असते. लॅपटॉप पुसून झाला की त्यांनी तो त्या यादीतून काढून टाकावा.

आता प्रत्यक्ष काम. लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’, त्यात ‘रिकव्हरी’ आणि त्यात ‘रिसेट धिस पीसी’ असा पर्याय आहे. विंडोज १० असलेल्या वाचकांना तो ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडेल. पुढे दोन पर्याय येतात. ‘कीप माय फाइल्स’ घेऊ नका, कारण त्यात जुनी खाती आणि त्यांच्या फाइली तशाच राहतात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्या. त्यानंतर विंडोज इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे की संगणकातल्याच प्रतीवरून बसवायचे असे विचारले जाईल. वाय-फाय बंद असल्यामुळे इथे दुसरा पर्याय निवडा. ‘चेंज सेटिंग्ज’ या दुव्यावर ‘क्लीन डेटा’ नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. त्यामुळे वेळ पुष्कळ लागतो, कधीकधी काही तास, पण जुन्या फाइली सहजासहजी परत मिळवता येत नाहीत. या पद्धतीत वनड्राइव्हमधले मूळ फोटो पुसले जात नाहीत. फक्त या संगणकावरची प्रत जाते.

ज्यांच्याकडे पासवर्डच नाही, त्यांनी दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून विंडोज बसवावे आणि डिस्क निवडण्याच्या पायरीवर लॅपटॉपच्या डिस्कचे सर्व भाग काढून टाकावेत. तिथे पेन ड्राइव्ह किंवा जोडलेली दुसरी डिस्क चुकून पुसली जाऊ नये, म्हणून डिस्कच्या आकाराचे आकडे नीट वाचा आणि गरजेशिवाय काही जोडून ठेवू नका. प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोजच्या परवान्याचा क्रमांक, विचारली, तर ‘माझ्याकडे की नाही’ असा पर्याय निवडून पूर्वीचीच आवृत्ती घ्या, म्हणजे होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो. विंडोजचा डिजिटल परवाना लॅपटॉपच्या हार्डवेअरशी बांधलेला असल्यामुळे इंटरनेट जोडल्यावर तो सहसा आपोआप लागू होतो. नवे खाते तयार करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली, तर ‘यूजर्स’मधल्या नव्या फोल्डरला तुमच्या ई-मेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे मिळतात. तुम्हाला फोल्डरच्या नावाची चिंता आहे हे पत्रावरून दिसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

एवढे झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एकदा डोकावून पाहा. तिथे पासवर्ड लावलेला असेल, तर तो डिस्कवर नसून मुख्य बोर्डावर असतो आणि विंडोज कितीही वेळा बसवले तरी जात नाही. बॅटरी काढून ठेवल्यास तो निघतो असे सर्रास सांगितले जाते, परंतु अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तसे होत नाही. तोही आधीच्या मालकालाच विचारावा लागतो.

प्रश्न : मी विकत घेतलेला लॅपटॉप रिसेट केला, तरी सुरुवातीच्या पडद्यावर एका कंपनीचे नाव येते आणि त्या कंपनीचा ई-मेल पत्ता मागितला जातो. विक्रेता म्हणतो, हार्ड डिस्क बदलली की जाईल. खरे आहे का?

उत्तर : नाही. डिस्क बदलण्याचा खर्च करू नका. तुमच्या लॅपटॉपची हार्डवेअर ओळख त्या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या व्यवस्थेत नोंदवलेली आहे. विंडोज नव्याने बसवून इंटरनेट जोडले, की संगणक त्या सर्व्हरला आपली ओळख सांगतो आणि सर्व्हर त्याला कंपनीचे नियम लावतो. म्हणजे ही खूण डिस्कवर नाहीच. तुमच्या हातात असलेल्या यंत्रावर काहीही केले तरी ती पुसता येणार नाही, कारण ती नोंद काढण्याचा अधिकार कंपनीच्या आयटी विभागाकडे आहे.

इंटरनेट न जोडता सुरुवात उरकण्याच्या युक्त्या तुम्हाला कोणी सांगेल. त्या वापरू नका असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद सर्व्हरवर तशीच राहते आणि पुढे कधी संगणक पुन्हा रिसेट करावा लागला, तर तुम्ही पुन्हा याच पडद्यावर याल. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कंपनीने तो संगणक रीतसर विकला होता की तो चोरीला गेला होता, हे तुम्हाला अजून माहीत नाही. कंपन्या जुने संगणक एकदम मोठ्या संख्येने काढतात आणि त्या वेळी काहींची नोंद काढायची राहून जाते. अशा वेळी अनुक्रमांक कळवला की कंपनीला ती सहज काढता येते. तेव्हा लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा अनुक्रमांक आणि खरेदीची पावती विक्रेत्याकडे द्या आणि त्याच्यामार्फत त्या कंपनीकडे नोंद काढण्याची मागणी करा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर संगणक परत करून पैसे मागा आणि ती मागणी लेखी करा. नोंद काढल्यावर पुन्हा एकदा रिसेट करून कंपनीचे नाव गेले आहे, हे स्वतः पाहा.

विंडोज व्यवस्थित उघडते, परंतु सेटिंग्जमध्ये काही पर्याय फिके दिसतात आणि वर संस्थेच्या नियंत्रणाविषयीची ओळ येते, असेही काही वाचकांनी कळवले आहे. त्यांनी ‘अकाउंट्स’मधल्या ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ या पानावर एखादे खाते जोडलेले आहे का ते पाहावे. हे बंधन बहुतेक वेळा डिस्कवरच असते आणि संपूर्ण रिसेटनंतर जाते.

प्रश्न : मुलीसाठी वापरलेला मॅकबुक घ्यायचा आहे. तिथे अशी अडचण येऊ शकते का? घेण्याआधी काय पाहावे?

उत्तर : मॅकबुकच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. अ‍ॅपलची टी२ ही सुरक्षेची चिप असलेल्या, म्हणजे साधारणपणे २०१८पासूनच्या, आणि २०२० पासून आलेल्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर ‘फाइंड माय’ ही हरवलेले उपकरण शोधण्याची सोय चालू असेल, तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लागू शकतो. असा मॅक पूर्ण पुसला, तरी पुन्हा सुरू करताना तो आधीच्या मालकाचे अ‍ॅपल खाते आणि पासवर्ड मागतो. चोरीला आळा घालण्यासाठी ही सोय आहे आणि म्हणूनच ती मालकाशिवाय उघडत नाही.

त्यामुळे पैसे देण्याआधी मॅक तुमच्यासमोर पुसून घ्या. मॅकओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सिस्टम सेटिंग्ज, ‘जनरल’, ‘ट्रान्सफर ऑर रिसेट’ या मार्गाने ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय मिळतो. तो वापरताना मालकाला आपला पासवर्ड द्यावा लागतो, मॅक त्याच्या खात्यातून बाहेर पडतो आणि लॉकही निघतो. त्यानंतर मॅक वाय-फायला जोडून स्वागताच्या पडद्यांवरून पुढे जा. कोणाचेही खाते न मागता तो तुम्हाला नवे खाते तयार करू देत असेल, तरच व्यवहार पुरा करा. त्याच वेळी ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा पडदा आला, तर तो मॅक एखाद्या संस्थेच्या नोंदीत आहे असे समजा. वरच्या उत्तरातले सगळे त्याला लागू होते.

मालक दूर असेल, तरी तो त्याच्या ब्राउझरमधून आयक्लाउडच्या ‘फाइंड डिव्हाइसेस’ या पानावर जाऊन तो मॅक आधी पुसू शकतो आणि मग आपल्या खात्यातून काढून टाकू शकतो. त्याला तुम्हाला पासवर्ड सांगण्याची गरज नाही आणि तुम्हीही तो मागू नये. मूळ खरेदीचे बिल मात्र मागून घ्या. मालकाचा पत्ता लागेनासा झाला, तर अ‍ॅपलकडे लॉक काढण्यासाठी जो अर्ज करता येतो, त्याला मूळ खरेदीचा पुरावा लागतो. तुमच्या आणि विक्रेत्यामधली हाताने लिहिलेली पावती तिथे पुरेशी ठरत नाही.

प्रश्न : डिस्क क्विक फॉरमॅट केली आहे. आधीच्या मालकाच्या फाइली खरोखर गेल्या असतील का?

उत्तर : फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असेल, तर नाही. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी नव्याने लिहिली जाते, फाइलींचा मजकूर जागेवरच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात आणि हार्ड डिस्कसाठी तेवढे पुरते. एसएसडीवर, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, मात्र हा मार्ग तितकासा भरवशाचा नाही, कारण ती कोणती माहिती कोठे लिहायची हे स्वतः ठरवते आणि काही जागा संगणकाला दाखवतच नाही. तिच्यासाठी उत्पादक कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला किंवा बायोसमधला ‘सिक्युअर इरेज’ हा पर्याय वापरा. त्याने संपूर्ण एसएसडी रिकामी होते, म्हणून विंडोज बसवण्याचा पेन ड्राइव्ह आधी तयार करून ठेवा.