वक्र अवकाशात अधिपृष्ठाचे लंब न्यायचे कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सपाट अवकाशात अधिपृष्ठाचा (अवकाशापेक्षा एक मिती कमी असलेल्या पृष्ठाचा) प्रत्येक एकक लंब, म्हणजे १ लांबीचा लंब सदिश, आरंभबिंदूपाशी आणला की लंबांची टोकं एकक गोलावर पडतात आणि गाउस चित्रण मिळतं, मग अवकाशच वक्र असेल, म्हणजे त्रिमितीय गोल (चार मितींच्या अवकाशात केंद्रापासून सारख्या अंतरावर असलेले बिंदू) किंवा हायपरबोलिक अवकाश (सगळीकडे सारखीच ऋण वक्रता असलेलं), तर काय करायचं?

अडचण अगदी खरी आहे. वक्र अवकाशात सदिश कुठल्या वाटेने समांतर नेला यावर तो शेवटी कुठे वळलेला असेल हे ठरतं. त्यामुळे लंब कुठे न्यायचे हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि जे ठरवू त्याप्रमाणे वक्रतेची वेगळी बाजू दिसते. बरीच पुस्तकं यातली एकच पद्धत देऊन पुढे जातात, ते मला पटत नाही.

सपाट अवकाशात हा फरक दिसतच नाही. गाउसने १८२७ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार चित्रणात क्षेत्रफळ जितके पट होतं तो मुख्य वक्रतांचा (पृष्ठ त्या बिंदूपाशी जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती वळतं त्या दोन संख्यांचा) गुणाकार, आणि तीच पृष्ठाची अंगभूत वक्रता, म्हणजे पृष्ठावरच मोजमापं करून कळणारी. त्रिमितीय एकक गोलात मात्र अंगभूत वक्रता = १ + मुख्य वक्रतांचा गुणाकार. एकाच्या दोन संख्या झाल्या, आणि प्रत्येकीसाठी वेगळं चित्रण आहे.

हा गोल चार मितींच्या अवकाशात पाहिला, तर एकक लंब हाही त्याच गोलावरचा एक बिंदू असतो. प्रत्येक बिंदू त्याच्या लंबाकडे पाठवा. या ध्रुवीय चित्रणाचा क्षेत्रगुणक (क्षेत्रफळ जितके पट होतं ती संख्या) म्हणजे फक्त मुख्य वक्रतांचा गुणाकार.

दुसरी वाट जास्त सुंदर आहे. हाच गोल म्हणजे एकक क्वाटर्नियनांचा (चार घटकांच्या, गुणता येणाऱ्या संख्यांपैकी १ लांबीच्या संख्यांचा) गट. लंबाला बिंदूच्या व्यस्ताने डावीकडून गुणलं की सगळे लंब १ या घटकापाशी येतात आणि प्रतिमा नेहमीच्या द्विमितीय गोलावर पडते. गुणाकार क्रमनिरपेक्ष नसल्यामुळे या चित्रणाच्या विकलजात (बिंदूजवळ चित्रण कसं बदलतं ते सांगणाऱ्या मॅट्रिक्समध्ये) वक्रतेच्या सममित मॅट्रिक्सबरोबर ९० अंशांचं एक वळण मिसळतं. २×२ सममित मॅट्रिक्समध्ये असं वळण मिळवलं की निश्चयक (डिटर्मिनंट, हाच इथे क्षेत्रगुणक) बरोबर १ ने वाढतो, करून बघा. म्हणजे क्षेत्रगुणक थेट अंगभूत वक्रता!

क्लिफर्ड टोरसवर, म्हणजे त्रिमितीय गोलातल्या या सपाट कड्यासारख्या पृष्ठावर, ताडून पाहू: (कॉस उ, साइन उ, कॉस व, साइन व) ÷ √२. इथे लंब (कॉस उ, साइन उ, −कॉस व, −साइन व) ÷ √२. हा टोरसवरचाच, व मध्ये १८० अंश मिळवून येणारा बिंदू; ध्रुवीय चित्रण टोरसला स्वतःवरच नेतं. मुख्य वक्रता १ आणि −१, गुणाकार −१. क्वाटर्नियन चित्रण मात्र फक्त व − उ वर अवलंबून राहतं, म्हणून सगळा टोरस एका बृहद्वृत्तावर (गोलावरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळावर) चपटा होतो. क्षेत्रगुणक शून्य, आणि टोरसची अंगभूत वक्रताही शून्यच. बृहद्गोलावर (त्रिमितीय गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या छेदावर) नेमकं उलट घडतं: ध्रुवीय चित्रण एका बिंदूत आटतं, दुसरं क्षेत्रफळ तसंच राखतं.

ध्रुवीय चित्रण कुठल्याही मितीच्या गोलावर चालतं. क्वाटर्नियनांची युक्ती तशी चालत नाही.

हायपरबोलिक अवकाशात लंबाच्या दिशेने भूमितिरेषा (त्या अवकाशातली सरळ रेषा) अनंतापर्यंत जाऊ द्या. ती अनंतावरच्या सीमेच्या गोलाला जिथे भिडते तो बिंदू घ्या. होरोस्फिअरचे (केंद्र अनंतावर गेलेल्या गोलाचे) एका बाजूचे सगळे लंब एकाच बिंदूला मिळतात. रॉबर्ट ब्रायंट यांनी १९८७ मध्ये दाखवलं की सरासरी वक्रता (दोन मुख्य वक्रतांची सरासरी) १ असलेल्या पृष्ठांसाठी, लंबाची बाजू योग्य घेतली तर, हे चित्रण कोन राखतं, आणि सपाट अवकाशातल्या लघुतम पृष्ठांसारखीच (सरासरी वक्रता शून्य असलेल्या, साबणाच्या पडद्यासारख्या) ही पृष्ठंही संमिश्र फलांवरून रचता येतात.