कुलाब्याचे हरवलेले स्थानक

प्रश्न : एकेकाळी चर्चगेटच्या पुढे थेट कुलाब्यापर्यंत रेल्वे जात असे, असे आजोबा सांगत. हे खरे आहे का? खरे असल्यास ते स्थानक बंद का झाले? आणि पश्चिम रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या चर्चगेटऐवजी मुंबई सेंट्रलहून का सुटतात?

उत्तर : आजोबांची आठवण अचूक आहे, आणि आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे : समुद्र हटवून मिळवलेली जमीन.

मध्य रेल्वेचे शेवटचे स्थानक १८५३ पासून बोरीबंदर परिसरातच राहिले. इमारत बदलली, नावे बदलली, जागा मात्र जवळपास तीच. पश्चिमेकडच्या बी. बी. सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेला, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरीला, असे स्थैर्य लाभले नाही. गुजरातकडून येणारा तिचा मार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोहोचला आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत १८७० मध्ये चर्चगेटला स्थानक झाले. (ज्या वेशीवरून हे नाव पडले, ती किल्ल्याच्या तटबंदीबरोबर आधीच पाडली गेली होती, ही त्यातली गंमत.) त्यानंतर रूळ कुलाब्यापर्यंत गेले आणि १८९६ मध्ये तेथे मोठे टर्मिनस उभे राहिले. लांब पल्ल्याच्या गाड्यांबरोबरच लोकलही तेथूनच सुटत. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची लोकलही धावू लागली.

त्याच दशकात बॅक बेमध्ये भराव घालण्याची सरकारी योजना सुरू झाली होती. तोवर चर्चगेट-कुलाबा रुळांच्या पश्चिमेला समुद्रच असल्यामुळे ते कोणाच्या वाटेत येत नव्हते. भराव झाल्यावर मात्र तेच रूळ जुनी वस्ती आणि नवी जमीन यांच्यामध्ये आडवे आले असते. म्हणून मार्ग चर्चगेटलाच संपवायचे ठरले. चर्चगेटला लोकल थांबवता येत होत्या. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांना लागणारे लांब फलाट, डबे धुण्याची व उभे करण्याची जागा आणि सामानाची चढउतार यांना तेथे वावच नव्हता. त्यासाठी उत्तरेकडे बेलासिस रोडजवळ, वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार, नवे टर्मिनस बांधण्यात आले. ते मुंबई सेंट्रल. १८ डिसेंबर १९३० रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्या महिन्याच्या अखेरीस कुलाबा स्थानक कायमचे बंद झाले.

विजेच्या लोकल सुरू करण्यासाठी केलेला खर्च चर्चगेटपुढच्या तुकड्यावर तीन वर्षेही कामी आला नाही, हे पाहता दोन्ही निर्णयांचा मेळ आधीच घालायला हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

जुन्या टर्मिनसची इमारत आता नाही. त्या जागेवर बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, म्हणजे जमीन अजूनही रेल्वेकडेच आहे.