शेवटचे दोनशे मीटर आणि एलिया विव्हियानी

प्रिय बाळा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. राज्य सायकलिंग स्पर्धेत शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तिघी तुझ्या पुढे निघून गेल्या, हे तू एका ओळीत उरकलंस आणि पुढची दीड पानं सरांच्या सल्ल्यावर खर्च केलीस. ट्रॅकवरच्या शर्यती सोड, रोडवरच्या शर्यतींवर लक्ष दे, दोन्ही करत बसलीस तर धड एकही होणार नाही. तुला काकांचं मत हवंय. मत देतो, पण त्याआधी मला एका इटालियन स्प्रिंटरबद्दल लिहू दे. त्याच्या पुढ्यात हाच प्रश्न वर्षानुवर्षं होता.

एलिया विव्हियानी. जन्म ७ फेब्रुवारी १९८९, व्हेरोनाच्या दक्षिणेला असलेल्या इझोला देल्ला स्काला या गावी. भातशेतीचा सपाट मुलूख आहे तो, तिथला तांदूळ इटलीभर नावाजलेला. इटलीचा स्प्रिंटर म्हटलं की माझ्या पिढीला आधी मारिओ सिपोल्लिनी आठवतो. जिरो द'इतालिया या इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचे ४२ टप्पे जिंकलेला, २००२चा विश्वविजेता. मीही त्याचीच छायाचित्रं कापून वहीत चिकटवायचो. पण तुझ्यासारख्या मुलीने सिपोल्लिनीकडे पाहू नये असं मला मनापासून वाटतं. तो बहुतेक वेळा जिंकताना दिसतो. विव्हियानीची कारकीर्द पाहिलीस तर हरलेला स्प्रिंटर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो ते दिसेल, आणि तुला आत्ता तेच पाहायचंय.

२०१२चं लंडन ऑलिंपिक. विव्हियानी तेव्हा २३ वर्षांचा, दोन वर्षांपासून व्यावसायिक रोड संघात. ऑम्नियममध्ये, म्हणजे अनेक ट्रॅक शर्यतींचे गुण मिळून निकाल लागतो त्या स्पर्धेत, तो उतरला आणि सहावा आला. रोड संघ त्याला पगार देत होता, ट्रॅक त्याला काही देत नव्हता, पदकही नाही. ट्रॅक सोडायला याहून सोयीची वेळ कुठली असणार? त्याने सोडला नाही. हिवाळ्यात आणि शर्यतींच्या मधल्या आठवड्यांत तो इटलीच्या ट्रॅक संघाबरोबर सराव करत राहिला. त्या संघाचे प्रशिक्षक मार्को व्हिल्ला. स्वतः सिडनी ऑलिंपिकमध्ये मॅडिसनचं, म्हणजे जोडीने धावायच्या ट्रॅक शर्यतीचं, कांस्य जिंकलेले.

ट्रॅकवर नेमकं काय शिकायला मिळतं ते आता सांगतो, कारण सरांच्या सल्ल्यात हाच भाग सुटलाय. पायातली ताकद घाटातही येते. पण ट्रॅकवरची एलिमिनेशन शर्यत आठव. दर दोन फेऱ्यांनी शेवटचा रायडर बाहेर, आणि शेवटचा कोण हे मागच्या चाकावरून ठरतं. सायकलला ब्रेक नाही, फिक्स गिअर, पाय थांबवायची सोय नाही. आतल्या कडेला रेषेला चिकटून बसलीस तर अंतर कमी पडतं खरं, पण पुढे एक, बाहेरून एक, आणि तू कोंडली जातेस. पायात कितीही जोर असला तरी बाहेर पडतेस. म्हणजे तिथे पुढे बघता बघता मागेही बघावं लागतं. कोण दमलंय, कोणाचा खांदा हलायला लागलाय, कोणती फट पुढच्या तीन सेकंदांत उघडणार आहे. दोन फेऱ्यांनी पुन्हा तेच, पुन्हा तेच. अर्ध्या तासाच्या आत दहा-बारा स्प्रिंट होतात. रस्त्यावर दीडशे किलोमीटर चालवून तुला एकच स्प्रिंट मिळते. आता शिकायला जास्त संधी कुठे आहे ते तूच मोज.

मी एकविसाव्या वर्षी ट्रॅक सोडला. नोकरीच्या संघात फक्त रोडचं पथक होतं आणि तिथल्या वरिष्ठांनी मला तेच सांगितलं जे तुला आज सांगितलं जातंय. पुढची चार वर्षं माझे पाय आधीपेक्षा मजबूत होते आणि निकाल आधीपेक्षा वाईट. घोळक्यात वाट दिसायचीच बंद झाली होती. हे मला कळायला फार उशीर लागला, म्हणून तुला इतकं सविस्तर लिहितोय.

२०१६, रिओ. दोन दिवसांत सहा शर्यतींचं ऑम्नियम. एलिमिनेशन विव्हियानीने जिंकली. शेवटची पॉइंट्स रेस, मधल्या स्प्रिंट्सना गुण मिळतात ती, १६० फेऱ्यांची, म्हणजे ४० किलोमीटर. मध्येच ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश आणि एका कोरियन रायडरची धडक झाली आणि त्या पडापडीत विव्हियानीही लाकडी ट्रॅकवर आपटला. उठला, सायकलवर बसला, परत घोळक्यात आला आणि गुण घेत राहिला. शेवटी त्याचे २०७, कॅव्हेंडिशचे १९४, डेन्मार्कच्या लासे नॉर्मन हान्सेनचे १९२. सुवर्ण. शर्यत संपल्यावर तो जो रडला, ते पाहताना मी इथे घरी एकटा बसून रडत होतो.

तुला वाटेल, यानंतर रोडवर त्याच्यासाठी पायघड्या घातल्या गेल्या असतील. ऑलिंपिक विजेता असूनही २०१७च्या जिरोसाठी त्याच्या संघाने त्याला निवडलं नाही. संघाला एकूण विजेतेपदाच्या दावेदारांभोवती माणसं हवी होती, स्प्रिंटरसाठी जागा नव्हती. इटालियन स्प्रिंटरला जिरोतून वगळणं म्हणजे काय, हे वारकऱ्याला आषाढीला घरी बसवल्यावर कळेल. त्याने त्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गची शर्यत जिंकली, प्लुएची जिंकली, आणि वर्ष संपताच संघ बदलून क्विक-स्टेपमध्ये गेला.

२०१८ त्याचं सर्वांत भरघोस वर्ष. पण त्यातल्या एका हरण्यापाशी मी थांबणार आहे. मार्चमध्ये बेल्जियमची गेंट-वेव्हेलगेम ही शर्यत. चार दिवसांपूर्वीच त्याने दे पानेची शर्यत जिंकली होती, पाय जोरात होते. शेवटच्या स्प्रिंटमध्ये तो कोंडला, वाट उशिरा मोकळी झाली, आणि पीटर सगान पुढे गेला. विव्हियानी दुसरा. रेषेपलीकडे तो जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडला. सगळ्यांत वेगवान असूनही हरण्याचं दुःख वेगळंच असतं आणि ते स्प्रिंटरखेरीज कोणाला समजत नाही.

तुझ्या शर्यतीचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. तुझी चूक नेमकी उलटी आहे. समोरून वारा होता आणि तू साडेतीनशे मीटरवरून सुटलीस, तेही सगळ्यांच्या पुढे राहून. त्या तिघी तुझ्यापेक्षा वेगवान नव्हत्या. त्या बराच वेळ तुझ्या आडोशाला, वाऱ्यापासून निवाऱ्यात बसल्या होत्या, एवढंच. समोरचा वारा असला की शेवटचा सुटणारा जिंकतो, पाठीमागचा असला की लवकर सुटलेलं चालतं. हे तुला पाठ आहे, तरी घाबरून सुटलीस. शिवाय शेवटी मान खाली घातलीस. मान खाली गेली की डावीकडून येणारी दिसत नाही.

२०१८च्या मे महिन्यात जिरो इस्राएलमध्ये सुरू झाला. तेल अवीव आणि एलात, लागोपाठ दोन टप्पे विव्हियानीने घेतले. मग पावसातल्या इमोलाच्या टप्प्यावर तो मागे पडला, शेवटच्या झुंजीत नव्हताच. दुसऱ्याच दिवशी नेर्वेसा देल्ला बात्तालियाला तो पहिला आला. पुढे इझेओही. एकूण चार टप्पे आणि गुणांत पहिला येणाऱ्याची जांभळट जर्सी.

हे एकट्याचं काम नव्हतं. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये संघातले सहकारी आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक लागतात. प्रत्येक जण वारा अंगावर घेऊन जीव खाऊन ओढतो आणि बाजूला होतो. शेवटचा सहकारी साधारण दोनशे मीटरवर सोडतो, तेव्हा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटर असतो. विव्हियानीकडे साबातिनी होता, अर्जेंटिनाचा रिकेझे होता आणि पुढे डेन्मार्कचा मिकाएल मोरकोव्ह. अशा सहकाऱ्याला लीड-आउट म्हणतात. मोरकोव्हसारखा लीड-आउट त्या काळात दुसरा नव्हता असं माझं मत आहे. आणि हा मोरकोव्ह कोण? टोकियो ऑलिंपिकमध्ये मॅडिसनचं सुवर्ण जिंकलेला ट्रॅकचा माणूस! पुढच्या संघात विव्हियानीला ओढून आणणारा सिमोने कोन्सोन्नी, तोही ट्रॅकचाच, टोकियोत सांघिक परस्यूट या चौघांच्या ट्रॅक शर्यतीचं सुवर्ण मिळवलेला. हे तुझ्या सरांना दाखव. भांडायला म्हणून नाही. ते चांगले प्रशिक्षक आहेत, ऐकून घेतील.

क्लबच्या पुढच्या शर्यतीत तू स्वतः लीड-आउट हो. त्या धाकट्या मुलीला शेवटपर्यंत ओढ आणि दोनशे मीटरवर सोड. तिच्या जिंकण्या-हरण्याकडे लक्ष देऊ नकोस, तू कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूला सरकलीस ते लक्षात ठेव. तिच्या जागी बसलीस की तुला कळेल की पुढच्याने किती विश्वासाने धरून ठेवलं होतं.

आता २०१९. इटलीच्या राष्ट्रीय विजेत्याची तिरंगी जर्सी अंगावर, स्वतःच्या देशात जिरो. ऑर्बेतेल्लोला तिसऱ्या टप्प्यात त्याने रेषा पहिली ओलांडली. थोड्या वेळाने पंचांनी निकाल फिरवला. स्प्रिंटमध्ये तो आपल्या रेषेतून सरकून तरुण मोस्केत्तीच्या वाटेत आला होता. विजय फर्नांडो गाविरियाला दिला गेला. मला विचारशील तर पंच बरोबर होते. ताशी सत्तरच्या वेगात कोणाची वाट कापणं म्हणजे त्याच्या हाडांशी खेळणं. मुद्दाम केलं नव्हतं तरी शिक्षा योग्यच. त्या जिरोत त्याला पुढे एकही टप्पा मिळाला नाही आणि डोंगर सुरू होण्याआधी तो घरी गेला.

दोन महिन्यांनी, ९ जुलैला, टूर द फ्रान्सचा चौथा टप्पा, रॅंस ते नान्सी. एकूण आघाडीची पिवळी जर्सी घातलेला त्याच्याच संघातला जुलियां आलाफिलिप स्वतः त्याच्यासाठी पुढे ओढत होता, मग रिकेझे, मग मोरकोव्ह. विव्हियानीने सरळ रेषेत स्प्रिंट मारली आणि जिंकला. जिरो, स्पेनची व्हुएल्टा, टूर, तिन्ही मोठ्या शर्यतींत टप्पे जिंकून झाले. ऑगस्टमध्ये आल्कमारला युरोपियन स्पर्धेत तर तो घोळक्याची वाट न बघता तिघांच्या गटात पळाला आणि तिथून जिंकला. स्प्रिंटरने पळून जाऊन जिंकावं, हे धाडस मला पॉइंट्स रेसमधलं वाटतं.

नंतर उतार. २०२०मध्ये नवा संघ, मोठ्या अपेक्षा आणि वर्षभरात एकही विजय नाही. त्यातल्या कोरड्या महिन्यांविषयी मी फार लिहीत नाही. पण जानेवारी २०२१मध्ये जे घडलं ते तू नीट वाच, आणि हा भाग आईलाही वाचायला दे. सरावात त्याच्या हृदयाचे ठोके बिघडल्याचं लक्षात आलं. तो थांबला, तपासण्या केल्या, हृदयावर उपचाराची शस्त्रक्रिया झाली. मार्चच्या अखेरीला फ्रान्समध्ये शोलेची शर्यत त्याने जिंकली. त्याच उन्हाळ्यात टोकियोत इटलीचा ध्वज धरून चालला आणि ऑम्नियमचं कांस्य घेऊन आला. २०२४मध्ये पॅरिसला कोन्सोन्नीबरोबर मॅडिसनचं रौप्य. त्यानंतर काही काळ त्याच्याकडे संघच नव्हता. २०२५च्या सुरुवातीला एका बेल्जियन संघाने त्याला घेतलं आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये चिलीतल्या सँटियागोला तो शेवटची शर्यत धावला. जागतिक स्पर्धेतली एलिमिनेशन. ३६ वर्षांचा होता. एकेक करून सगळे बाहेर पडत गेले आणि तो उरला.

तुझ्या पत्राच्या तळाशी, सहीच्या वर, तू सहज लिहून गेलीस की चढावर दोनदा छातीत ठोका चुकल्यासारखा वाटला आणि डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली. बाळा, ही सहज लिहून जायची गोष्ट नाही. दमल्यामुळे असेल, पाणी कमी पडलं असेल, काहीही नसेल. पण ते तू आणि मी ठरवायचं नाही. या आठवड्यात आईबरोबर डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढ, ते म्हणतील त्या पुढच्या तपासण्या कर. व्यायाम करताना झालं, हे त्यांना स्पष्ट सांग. तोवर घाट नाही, स्प्रिंट नाही, ट्रॅकही नाही. शर्यत चुकली तर चुकू दे.

डॉक्टरांनी मोकळं केलं की मला फोन कर. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सहाला ट्रॅकवर ये, ऊन चढलं की सिमेंट तापतं. फिक्स सायकलची चेन तपासून आण, मागच्या वेळी सैल होती. मी क्लबच्या आठ-नऊ मुलामुलींना बोलावून ठेवतो. आपण ऊन चढेपर्यंत फक्त एलिमिनेशन खेळू, आणि पहिल्या चार वेळा तू आतल्या रेषेला जायचं नाहीस. सरांनाही घेऊन ये. चहा माझ्याकडे.

तुझा,
काका