जुना मदरबोर्ड, नवा प्रोसेसर: यादी कशी जुळवावी?

प्रश्न : मुलगा यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. अभ्यासासोबत गेमही खेळता येतील असा संगणक सुटे भाग आणून जुळवायचे आम्ही ठरवले आहे. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ओळखीत स्वस्तात मिळणारा वापरलेला बी४५० मदरबोर्ड, घरातील डीडीआर४ रॅमच्या प्रत्येकी ८ जीबीच्या दोन पट्ट्या, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबतच मिळणारा ४५० वॉटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) अशी आमची यादी आहे. हे भाग एकमेकांना चालतील का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ही यादी आहे तशी चालणार नाही, आणि अडचण पहिल्या दोन वस्तूंपासूनच सुरू होते. रायझन ५ ७६०० हा एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) प्रोसेसर आहे, तर बी४५० मदरबोर्डवर एएम४ सॉकेट असते. एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरच्या खालच्या बाजूला असतात आणि त्या सॉकेटच्या छिद्रांत उतरतात. एएम५मध्ये प्रोसेसरची खालची बाजू सपाट असून १७१८ पिना सॉकेटमध्येच असतात. त्यामुळे बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून किंवा अन्य कोणत्याही उपायाने ही जोडी जमणार नाही. रॅमचेही तसेच आहे. एएम५ मदरबोर्ड फक्त डीडीआर५ घेतात, आणि दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असले तरी मधली खाच वेगळ्या जागी असल्याने घरातील पट्टी त्यांच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. बसत नाही म्हणून जोर लावल्यास पट्टी आणि स्लॉट दोन्ही निकामी होऊ शकतात.

आपल्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मदरबोर्ड आणि रॅम ठेवून प्रोसेसर बदलणे, म्हणजेच रायझन ५ ५६०० घेणे. बी४५० हा चिपसेट (मदरबोर्डवरील मुख्य नियंत्रक चिप) २०१८ सालचा आणि हा प्रोसेसर २०२२ सालचा असल्यामुळे मदरबोर्डवर जुनाच बायोस असेल, तर पडद्यावर काहीही उमटणार नाही. म्हणून मदरबोर्ड देणाऱ्याकडे असलेला जुना प्रोसेसर त्यावर असतानाच, मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरील, ५६००ला चालणारी बायोसची आवृत्ती टाकून घ्यावी आणि मगच पैसे द्यावेत. आणखी एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. आरटीएक्स ४०६० हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे मदरबोर्डशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या जोडणीच्या, आठच मार्गिका वापरते आणि बी४५०वर त्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे चौथ्या पिढीच्या निम्म्या वेगाच्या असतात. बहुतेक गेममध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. मात्र गेमचे तपशील फार वर चढवून कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी भरली, की उरलेली माहिती याच संथ मार्गिकांवरून यावी लागते आणि चित्र अडखळू लागते.

दुसरा मार्ग प्रोसेसर ठरला तोच ठेवून बी६५० मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ पट्ट्या घेण्याचा. हा महाग पडतो, पण एएम५ सॉकेटला किमान २०२७पर्यंत पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले असल्याने पुढे केवळ प्रोसेसर बदलून संगणक वाढवता येतो. पट्ट्या दोनच घेतल्यास त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात, आणि बायोसमध्ये एक्स्पो हा पर्याय सुरू करावा. तो न केल्यास रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने चालत नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची आपोआप तपासणी होत असताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी घाबरून वीज बंद करू नये.

रॅम घरात असल्याने, आणि मदरबोर्ड समोर चालवून पाहता येत असेल तर, मी पहिल्या मार्गाकडे झुकेन आणि वाचलेली रक्कम एसएमपीएसवर खर्च करेन. कारण यादीतील सर्वांत काळजीची वस्तू मला तीच वाटते. ४०६०ची गरज ११५ वॉट आणि प्रोसेसरचा अंकित आकडा ६५ वॉट असल्याने ४५० हा आकडा वरवर पुरेसा भासतो; एनव्हीडियाची शिफारस मात्र ५५० वॉटची आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एसएमपीएसच्या बाजूचे लेबल वाचावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. त्या रकान्यात २० अँपिअर लिहिले असेल, तर हाती येणारी खरी शक्ती २४० वॉटच होय, वर कितीही मोठ्या अक्षरांत ४५० छापलेले असो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. ग्राफिक्स कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची स्वतंत्र केबल असलीच पाहिजे. ती नाही म्हणून हार्ड डिस्कच्या जोडणीतून अडॅप्टर लावून देण्याची तयारी दुकानदाराने दाखवली, तर नम्रपणे नकार द्यावा. प्रोसेसरची चार अधिक चार पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्या तारांची मांडणी उलट आहे, म्हणून ती ग्राफिक्स कार्डाला जोडू नये.

कॅबिनेटबाबत एवढेच पाहावे की मदरबोर्डाचा आकार त्यात मावतो, ग्राफिक्स कार्डाच्या लांबीपेक्षा आतली जागा अधिक आहे आणि पुढची बाजू काचेने बंद नसून जाळीची आहे. दोन पंख्यांचे ४०६० बहुतेक कॅबिनेटमध्ये मावते, तीन पंख्यांचे मात्र मोजूनच घ्यावे. प्रोसेसर खोक्याशिवाय सुटा मिळत असेल, तर सोबत कूलर येत नाही, हेही किंमत ठरवताना धरावे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. जुन्या संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस नव्या गेमिंग संगणकाला पुरेल का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॉट हे आकडे समान नसतात. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर मागील बाजूस साधारणतः ३६० वॉट लिहिलेले आढळते. ४०६०सारखे कार्ड असलेला संगणक मॉनिटरसह गेम खेळताना ३०० वॉटच्या जवळ जाऊ शकतो, आणि बॅटरी जुनी असेल तर वीज जाताच यूपीएसही बंद पडण्याचा संभव असतो. त्यामुळे १००० व्हीएचा, ६०० वॉट लिहिलेला यूपीएस घ्यावा, आणि शक्य असल्यास शुद्ध साइन लहर देणारा निवडावा. आजच्या चांगल्या एसएमपीएसमधील ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीतपणे ओढून घेणारी) रचना काही स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड लहरीवर नीट चालत नाही. वीज गेल्यावर त्यावर खेळत राहू नये. काम साठवून संगणक रीतसर बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.